गाऱ्हाणे कोणी घालायचे?

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून)

माझे वय 34. माहेर देवगड तालुक्यात समुद्राकाठी, सासर मालवणच्या बाजूला. लग्नानंतरची 11 वर्षे नवऱ्याचा मार खाल्ला. मार नसेल त्या दिवशी शिव्या, आणि हातात पैसा कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी एका रात्री मुलीला घेऊन निघाले आणि माहेरी आले. लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा सासरच्या देव्हाऱ्यातच राहिली, त्याची रुखरुख अजून आहे. लहानपणापासून मी भजनात गाते आणि देवावर माझा विश्वास आहे. पण आता देवळात उभी राहिले की डोळे मिटवत नाहीत, मागून कोणीतरी येते आहे असे वाटते. रात्री वाटेवर मोटरसायकल वाजली की दचकून उठते. आत्या म्हणते, हे पूर्वजन्मीचे भोग. सासरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला आणि मी परत यावे असा उजवा कौल मिळाल्याचा निरोप पाठवला. यंदा चतुर्थीला सून घरात हवी, असेही कळवले आहे. एक कीर्तनकार बुवा म्हणाले की क्षमा केल्याशिवाय मन शांत होणार नाही, आणि संत बहिणाबाईंनीही नवऱ्याचा मार सोसला होता. मला क्षमा करता येत नाही. मग माझी भक्ती खोटी आहे का? आईने दोन वर्षांत मला काय झाले ते एकदाही विचारलेले नाही.

ताई,

तुमची भक्ती खोटी नाही. हे वाक्य सर्वांत आधी लिहिते आहे, कारण तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा असे वाटले की मारापेक्षाही हा प्रश्न तुम्हाला आतून जास्त कुरतडतो आहे.

आपल्या कोकणात देवापुढे उभे राहण्याची जी खास रीत आहे, तिचे नावच गाऱ्हाणे आहे. शिमग्याची पालखी निघताना, घरात कार्य ठरले की, गावावर काही संकट आले की, नारळ पुढे ठेवून गुरव किंवा मानकरी उभा राहतो आणि ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक मारून देवाला सांगू लागतो. त्यात स्तुती थोडी आणि सांगणे फार असते: कोणाला काय झाले, कोणाचे काय अडले, कोणी वाकडे पाऊल टाकले, आणि आता देवाने काय करायला हवे. जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. लहानपणी मला त्या आवाजाची भीती वाटायची. पुढे कळले की एखाद्याचे दुःख मोठ्याने उच्चारले जात असताना सारा गाव त्याला होकार देतो आहे, इतका आधार मी क्वचितच दुसरीकडे पाहिला आहे. तिथे कोणी सांगणाऱ्याला थांबवत नाही, आणि सांगणारा तिथे एकटाही नसतो.

तुमचे गाऱ्हाणे मात्र गेली दोन वर्षे इतरांनी घातले आहे. आत्याने ते भोग म्हणून घातले, सासरच्यांनी कौल म्हणून घातले आणि बुवांनी क्षमेचा उपदेश म्हणून घातले. तुम्हाला काय झाले, हे त्यांतल्या एकातही नाही. तुम्हाला हवे असलेले बळ भक्तीतून मिळेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते मिळण्याची सुरुवात तुमचे गाऱ्हाणे तुम्ही स्वतः, तुमच्या शब्दांत घालण्यापासून होईल, असे मला वाटते. म्हणून या तिघांच्या बोलण्याचा आधी विचार करू.

कौल हा विचारलेल्या प्रश्नाला मिळतो. मूर्तीला लावलेली कळी किंवा पाकळी कोणत्या बाजूने सुटते हे पाहण्याआधी प्रश्न उच्चारावा लागतो, आणि तो प्रश्न तुम्ही उच्चारलेला नाही, तो विचारला गेला तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. सून परत यावी का, असे विचारणाऱ्यांनी आमचा मुलगा पुन्हा हात उचलेल का, हेही विचारले असेल असे तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही. ग्रामदेवतेला आपण राखणदार मानतो. राखणदाराचे नाव घेऊन एका लेकीला मार असलेल्या घरात परत बोलवावे, याला मी देवाची आज्ञा म्हणणार नाही, आणि तुम्हीही त्या निरोपाला बांधील नाही.

भोगांविषयी. आपल्या शास्त्रांनी संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग सांगितले. त्यांतले क्रियमाण म्हणजे माणूस आत्ता, आपल्या इच्छेने करतो ते. तुमच्या नवऱ्याने हात उचलला ते त्याचे क्रियमाण कर्म होते. त्याचा हिशेब त्याच्या नावावर आहे, तुमच्या नाही. त्या रात्री मुलीचा हात धरून तुम्ही उंबरठा ओलांडला, ते तुमचे क्रियमाण कर्म. कर्माचा विचार माणसाने स्वतःच्या वागण्याला लावावा, एवढ्यासाठी आहे. दुसऱ्याच्या अंगावरचे वळ पाहून त्यांचे कारण सांगण्यासाठी तो वापरला की त्यातला धर्म निघून जातो. आत्यांना हे पटवत बसू नका. त्यांच्या पिढीला याहून दुसरे समाधान कोणी दिले नव्हते.

क्षमेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण इथेच तुम्ही अडकला आहात. प्रल्हादाची गोष्ट आपण मुलांना नारायणाच्या नामाचा महिमा म्हणून सांगतो, पण ती एका मुलाचा त्याच्याच घरात, त्याच्याच बापाने केलेल्या छळाचीही गोष्ट आहे. त्याला कड्यावरून लोटले, विष दिले, हत्तीच्या पायाखाली घातले. या सगळ्या कथेत भगवंत एकदाही प्रल्हादाला सांगत नाही की बाप आहे, सांभाळून घे. तो खांब फोडून बाहेर येतो आणि तो हात कायमचा थांबवतो. त्यानंतर, भागवताच्या सातव्या स्कंधात, प्रल्हाद आपल्या पित्याच्या उद्धारासाठी वर मागतो. हा क्रम नीट पाहा. हिरण्यकशिपूचा हात उगारलेला असताना प्रल्हादाने त्याला क्षमा करावी, असे कोणी म्हटले नव्हते. छळ संपला, तो सुरक्षित झाला, नृसिंहाने त्याच्या मस्तकावर हात ठेवला, आणि मग ते शब्द त्याच्या मनातून आपणहून आले. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला जो जुना संवाद सांगते, त्यात हाच प्रल्हाद आपल्या नातवाला, बळीला, सांगतो की नेहमी उग्र राहणे श्रेयस्कर नाही आणि नेहमी क्षमा करणेही श्रेयस्कर नाही. सतत क्षमा करणाऱ्याला इतर लोक तुच्छ लेखू लागतात. लहानपणी बापाच्या हातून इतके सोसलेल्या माणसाच्या तोंडी महाभारताने हे बोलणे घातले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तेव्हा आज तुम्हाला क्षमा येत नसेल, तर ती आणू नका. पुढे कधी आली तर येईल, आणि आली नाही तरी तुमच्या नामाला उणेपण येत नाही. शिवाय क्षमा आणि परत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा करूनही माणूस त्या घरात न जाता राहू शकतो. बुवांनी या दोन्ही गोष्टी एकत्र बांधून तुमच्या डोक्यावर दिल्या, ते योग्य झाले नाही.

आणि बहिणाबाई. सतराव्या शतकात, कीर्तनाला जाते आणि तुकोबांना गुरू मानते म्हणून नवऱ्याने त्यांना मारले आणि बांधून घातले, हे खरे आहे. पण हे आपल्याला कसे कळले? त्यांनी स्वतः ते आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून सांगितले म्हणून. घरातली गोष्ट घरात ठेवावी असे त्या मानत असत्या, तर आज बुवांना हे उदाहरण देताच आले नसते. त्या नवऱ्याबरोबर राहिल्या. त्या काळी त्यांच्यापुढे ना कायदा होता ना जाण्याची दुसरी जागा. तुमच्यापुढे दोन्ही आहेत. सोसणे ही त्यांची परिस्थिती होती, आणि भक्ती त्यांनी मारासमोरही सोडली नाही, हे त्यांचे तेज होते. बुवांनी तुम्हाला त्यांची परिस्थिती घ्यायला सांगितली, तेज बाजूला ठेवले.

आता तुमच्या शरीराविषयी. देवळात डोळे मिटवत नाहीत, याचा तुम्ही श्रद्धेशी संबंध जोडला आहे. तो तसा नाही. 11 वर्षे मागून येणाऱ्या पावलांवर लक्ष ठेवून तुमचे शरीर जागे राहायला शिकले, आणि धोका गेला तरी ते लगेच विसरत नाही. अशा माणसाला डोळे मिटून, स्तब्ध बसून ध्यान करायला सांगितले तर पुष्कळदा शांतता न येता जुनेच प्रसंग समोर उभे राहतात. म्हणून तूर्त ध्यान बाजूला ठेवा. डोळे उघडे ठेवून, भिंतीला पाठ लावून, मूर्ती आणि दार दोन्ही दिसेल अशा ठिकाणी बसा. देवाला त्यात काही अपमान वाटत नाही.

मोटरसायकलच्या आवाजाने जाग आली की आधी दिवा लावा. दोन्ही पाय जमिनीवर टेका आणि जमिनीचा गारवा जाणवू द्या. मी माहेरी आहे, मुलगी शेजारी झोपली आहे, दाराला कडी आहे, असे हळू आवाजात स्वतःला सांगा. मग रामरक्षा म्हणा, पण नेहमीसारखी भरभर नको. रामरक्षेतला कवचाचा भाग तुम्हाला पाठ असेलच; त्यात डोके, कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, कंठ, खांदे, बाहू, हात, हृदय असे करत पावलांपर्यंत एकेका अवयवाचे रक्षण मागितले आहे, आणि शेवटी सगळ्या देहाचे. ज्या अवयवाचे नाव येईल त्यावर आपला हात ठेवा. आपल्या पूजेतल्या न्यासाची, म्हणजे मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करण्याची, ही साधी घरगुती रीत झाली. ज्या खांद्याला धरून ओढले गेले, ज्या गालावर मार बसला, त्यावर आता तुमचाच हात आहे आणि तोंडात रामाचे नाव आहे, एवढे घडू द्या. काही ठिकाणी हात ठेवणे सुरुवातीला नकोसे वाटेल. तिथे ठेवू नका, पुढच्या नावाकडे जा. पूर्ण व्हायला महिने लागले तरी चालतील.

भजन सोडू नका, असे मी आग्रहाने सांगते. गाताना श्वास सावकाश सोडावा लागतो, आणि लांब उच्छ्वासाने धडधड खाली येते. पेटीच्या सुरावर आणि टाळांच्या ठेक्यावर चार बायकांबरोबर आवाज मिळवताना मनाला मागच्या पावलांकडे पाहायला वेळ राहत नाही. जनाबाईंसारख्या संतांनी नाम दळण-कांडणाच्या वेळी घेतले, तेही हातापायांना काम असताना. तुम्हीही अंगण झाडताना, मासे निवडताना, भात वैरताना मोठ्याने म्हणा. गाता गाता रडू आले तर येऊ द्या. देवावर राग आला तर तोही त्याला ऐकवा. वारकरी संतांनी विठोबाशी भांडणे केली आहेत आणि आपण ती भांडणे आजही टाळ वाजवून म्हणतो. ‘त्या रात्री तू कुठे होतास’ हा प्रश्न देवाला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे तयार उत्तर असते त्यांच्यापासून जरा लांब राहावे असे मला वाटते.

कडक उपवास मात्र सध्या नकोत. झोप नसलेल्या शरीराला अन्न हवे असते. वटपौर्णिमेचे तुम्ही विचारले नाही, पण पुढे कोणीतरी विचारेलच, म्हणून लिहून ठेवते: व्रत आपल्या इच्छेने घ्यायचे असते, न घेतल्याने पाप लागत नाही.

भक्तीच्या जोडीला औषधोपचार लागला तर तो घ्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तिथे दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीत बोलता येते. झोप येत नाही, दचकते, हे पाहून उद्या कोणी ‘बाहेरचे लागले आहे’ म्हणाले आणि उतरवायला नेऊ लागले, तर ठाम नकार द्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या मुलीनेही त्या घरात पुष्कळ पाहिले आहे. ती बोलेल तेव्हा ऐका, आणि तिला ‘देव बघून घेईल’ असे सांगून गप्प करू नका.

आता अन्नपूर्णेकडे येते. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओल मला त्या एका ओळीत दिसली. लग्नात आईने दिलेली ती मूर्ती, दागिने, भांडी हे सारे तुमचे स्त्रीधन आहे. तुम्ही निघताना ती तिथे राहिली म्हणून तुमच्यावरचा तिचा हात सुटला असे नाही, आणि तिच्यावरचा तुमचा हक्कही गेलेला नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा मारहाणीबरोबर शिवीगाळ आणि पैशांची अडवणूक यांनाही हिंसाचार मानतो, आणि त्या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. नवऱ्याने तुमच्याजवळ येऊ नये, यासाठी संरक्षण आदेशही मिळतो. तुम्ही वेगळ्या राहता म्हणून अडचण नाही. आज जिथे राहता तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो, मालवणला जाण्याची गरज नाही. अर्जासाठी महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी मदत करतात. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर विचारा. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे, आणि नवरा दारात येऊन उभा राहिला तर थेट 112 लावा.

त्या अर्जात ‘अन्नपूर्णेची मूर्ती’ असे स्पष्ट लिहा. काहींना ते लहान वाटेल. मला वाटत नाही.

चतुर्थी जवळ आली आहे. मुंबईहून चाकरमानी येतील, घरे भरतील, आणि सून कुठे आहे हे विचारणारी तोंडेही वाढतील. सासरचा निरोप नेमका आत्ताच आला, त्याचे कारण तेच असावे. तुम्ही यंदा जाऊ नका. निरोपाला स्वतः उत्तर देण्याचीही गरज नाही, भावाने किंवा गावातल्या विश्वासू माणसाने एकदाच ‘ती येणार नाही’ असे कळवावे, आणि त्या दिवसांत तुम्ही व मुलगी घरात एकट्या राहणार नाही एवढे पाहावे. माहेरच्या गणपतीपुढे तुम्ही फुगडी घाला. गौर येईल तेव्हा तिच्याकडे जरा वेळ बघत बसा. तीही माहेरवाशीण म्हणून येते. आपण तिला पाटावर बसवतो, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतो, आणि तू का आलीस, कधी जाणार, असे तिला कोणी विचारत नाही.

आईबद्दल शेवटी लिहिते. तिने दोन वर्षांत काही विचारले नाही, याचा अर्थ तिला ऐकायचे नाही असा तुम्ही घेतला असावा. तसे असेलही. पण त्या घरात तुम्हाला आपणच दिले, आणि ती अन्नपूर्णाही आपणच बरोबर दिली, ही टोचणी मनात असलेल्या बाईला उत्तराची भीती वाटते, आणि मग प्रश्न तोंडातून निघत नाही, असेही असू शकते. एका संध्याकाळी दिवेलागणीला तिला तुळशीपाशी बोलवा. नारळ ठेवा, नसेल तर नुसती उदबत्ती लावा. आणि गाऱ्हाणे घाला, घरात बोलता त्याच भाषेत. साधारण असे काही:

‘बा देवा म्हाराजा, अकरा वर्सां माका मारल्यान. सगळ्यांनी बघल्यानी, पन कोन बोलाक नाय. माजी चूक नव्हती. आता माका आनी माज्या चेडवाक तू राखणदार हो.’

शब्द तुमचे घ्या, हे नुसते उदाहरण आहे. गाऱ्हाणे बहुतेक गावांत पुरुषच घालतात, त्यामुळे पहिल्यांदा आवाज फुटणार नाही. थांबा, पाणी प्या, पुन्हा सुरू करा. आईला समजावून काही सांगू नका आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षाही ठेवू नका. तिने मागे उभे राहावे आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘व्हय म्हाराजा’ म्हणावे, एवढेच तिला सांगा.